एक मयत, बाकी कित्ता

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ज्या जीआरबद्दल मला शाल-श्रीफळ मिळालं, तो माझ्या आळसातून निघालेला आहे.

तेव्हा मी इथल्या मोफत कायदा-मदतीच्या कार्यालयात लिपिक होतो. गरिबांच्या तक्रारी नोंदवायच्या, दर तीन महिन्यांनी त्यांचा तक्ता मुंबईला पाठवायचा. तो वाचून नियम बदलायची शिफारस सरकारकडं जाते, असं आम्हाला सांगितलेलं. आम्ही म्हणायचो, कोण वाचतंय!

कन्नडकडची एक आजी यायची, मेंढरं राखून म्हातारी झालेली. तिचा निराधाराचा पगार बंद झाला होता, कारण यादीत कुणीतरी तिच्या नावापुढं 'मयत' लिहिलं होतं. हयातीचा दाखला मागायला गेली तर तलाठी म्हणाला, "कागदावर तुम्ही मयत. मयताला हयातीचा दाखला कसा देऊ?"

"मंग म्या काय करू?" आजी मला विचारायची. "पुन्यांदा जल्माला येऊ व्हय?"

मी तिचा अर्ज घेतला. तक्त्याच्या पहिल्या ओळीत नीट लिहिलं, 'जिवंत व्यक्तीस मयत दाखविल्याने अनुदान बंद.' खाली आणखी एकोणतीस अर्ज होते. कुणाचा बांध, कुणाची पोटगी, वाळूजला कामावरून काढलेला एक कामगार, आणि एकाची तर शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल तक्रार. शुक्रवार होता आणि माझी बस साडेपाचची. आम्हा कारकुनांकडं एक जुना शब्द आहे, कित्ता. म्हणजे वरीलप्रमाणेच. मी कित्ता, कित्ता, कित्ता करत तळाला पोचलो. कोंबडाही कित्ता झाला. वर नमुना म्हणून आजीचा मूळ अर्जच तक्त्याला टाचला. झेरॉक्सचं मशीन खालच्या मजल्यावर होतं आणि जिना उतरायचा मला कंटाळा आला.

दीड महिन्यानं पत्र आलं. मुंबईहून एक मॅडम येणार, तीसही जिवंत मयतांना समक्ष भेटणार.

साहेब म्हणाले, "अरे, आपल्याकडं एवढे मेलेत आणि मला पत्ता नाही?"

"हो सर," मी म्हणालो, "प्रमाण लई वाढलंय."

मी बाजाराच्या दिवशी कन्नड गाठलं. आजीला अर्धंच खरं सांगितलं. मुंबईच्या मॅडम येणार आहेत, तुमच्यासारखी आणखी माणसं लागतील.

"किती मेलेली पाहिजेत?"

"तीस."

"जित्ती का खरुखरची?"

"जित्ती, आजी!"

"मंग सोपंय."

ठरल्या दिवशी दोन जीपा भरून म्हातारी माणसं आली. मॅडमनी एकीला विचारलं, "तुम्ही कधीपासून मयत आहात?"

"परवापसून, बाई. या म्हातारीनं सांगितलं तवापसून."

मला जोराचा खोकला आला. मागून एकजण म्हणाला, "चहा मयताला बी हाय का नाय?"

मला वाटलं, आता नोकरी गेली. पण मॅडमनी गावांच्या याद्या मागवल्या आणि एकेक नाव लावून बघितलं, तर जीपमधले सातजण खरोखरच कागदावर मेलेले निघाले. त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. त्या गडबडीत बाकीच्यांचं कुणी विचारलंच नाही. त्यातला एक तर नुसता शहर बघायला आलेला. तो भडकलाच, "म्या मेलो अन् घरात कुनी रडलं बी नाय?"

मॅडम गेल्या आणि काही महिन्यांनी जीआर निघाला. तलाठ्यानं घरी जाऊन माणूस समक्ष बघावा, जिवंत असल्यास मूळ अर्जावरच शेरा मारून यादी दुरुस्त करावी. त्या सातजणांचे नवे अर्ज मीच लिहिले. सातही जिवंत झाले. तळागाळाचा अभ्यास केल्याबद्दल मला शाल मिळाली.

आजी मात्र मयतच राहिली. तिचा मूळ अर्ज मुंबईत होता, माझ्या तक्त्याला टाचलेला. नवा घ्यायचा तर जुना कुठं गेला ते लिहावं लागलं असतं, साहेबांनी तक्ता काढला असता, आणि एकोणतीस कित्ते बाहेर आले असते. मी म्हणत राहिलो, "आजी, मुंबईहून येतोय."

"समद्यास्नी जित्तं केलंस," ती हसायची, "अन् मलाच इसरला व्हय रं?"

अशी ती दोन वर्षं येत राहिली. मग यायची थांबली.

एकदा एसटी स्टँडवर तिचा नातू भेटला. चांगला दोन लेकरांचा बाप. म्हणाला, "सायेब, आजी गेली. नोंद करायला गेलो तर कारकून म्हणतो, ही कवाच मयत हाय, आता कशाला आलास?" आणि तो हसला. मीही त्याच्याबरोबर हसलो. तो मला चहा पाजून गेला. आजीसाठी तुम्ही लई केलं, म्हणाला.

तो अजून कन्नडलाच असतो. त्याला खरं सांगणं आणि त्याच्यापुढं आजीची माफी मागणं, एवढं मी अजून देणं लागतो.