साडूभाऊ धुळ्यात असले की लाइन तुटते

एखादी वस्तू नीट चालते आहे असं कळल्यावर ज्याचा चेहरा पडतो, असा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो आणि ते मला मास्तर म्हणायचे, कारण मी जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. लग्नाला गेले तर नवरी कशी आहे हे त्यांनी कधी पाहिलं नाही, आधी मांडवामागे जाऊन लाउडस्पीकरची जोडणी पाहिली. कुणाकडे भेटायला गेले की पाण्याचा पेला हातात आणि डोळे छताकडे. "पंखा जरा आवाज करतोय, नाही?" असं हलक्या आवाजात म्हणाले की समजायचं, आता स्टूल मागणार. आमच्या दारावरची घंटा बंद पडली होती, ती त्यांनी एका दुपारी दुरुस्त केली. घंटा छान वाजू लागली. मात्र मिक्सर सुरू केला तरी वाजू लागली. त्यामुळे आमची ही चटणी वाटायला बसली की मी उठून दार उघडायचो आणि बाहेर कुणी नाही असं बघून परत यायचो. साडूभाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शनिवारची बस सोडून रविवारची धरली.

दुरुस्तीबद्दल त्यांचं एक तत्त्व होतं आणि त्यासाठी ते जीव द्यायला तयार होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तर कशामुळे झालं ते कसं कळणार, मास्तर?" ते विचारायचे. हे तत्त्व यंत्रांपुरतं राहिलं असतं तर आमची काहीच तक्रार नव्हती. पण एका हिवाळ्यात आमच्या घरचं वांग्याचं भरीत त्यांच्या मते किंचित बिघडलं. झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरीत, बदल फक्त मिरचीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा भरीत, मिरची पहिल्यासारखी, बदल फक्त लसणात. मग शेंगदाण्यांची पाळी आली, मग कांद्याच्या पातीची. वांग्यांची पाळी येईपर्यंत आमच्या घरात वांगं हा शब्द कुणी काढेनासं झालं. शेवटी आमची ही म्हणाली, "भाऊजी, आता खाणारी माणसं बदलून बघा." त्यावर साडूभाऊ खरोखरच विचारात पडले.

हे सगळं आमच्याच घरी घडायचं, कारण साडूभाऊ सोमवार ते शनिवार आमच्याकडे राहायचे. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बियाणं विकणाऱ्या एका कंपनीत ते संगणकावर हिशेब आणि मालाची आवकजावक सांभाळत. कंपनीचं ऑफिस जळगावात, आमच्या घराला लागूनच, इतकं की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या ऑफिसची खिडकी दिसायची. अक्का, म्हणजे त्यांची बायको, धुळ्याला नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. वर्गातल्या मुलींवर तिचा इतका जीव की शाळा बुडेल म्हणून ती नात्यातल्या लग्नांना अक्षता पडून गेल्यावर पोचायची. त्यामुळे साडूभाऊ सोमवारी पहाटे धुळ्याहून एस.टी. पकडायचे आणि शनिवारी संध्याकाळी परत. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. पारोळा आणि एरंडोलच्या स्टँडवरचे चहावाले त्यांना नावानं ओळखायचे, आणि त्या दोघांचेही स्टोव्ह साडूभाऊंनी उघडून बघितले होते.

मग एके दिवशी ते मुंबईहून एक पेटी घेऊन आले. दिसायला जेवणाच्या डब्यापेक्षा लहान, पुढच्या बाजूला लाल दिव्यांची ओळ. नाव मोडेम. जेवायला बसल्यावर त्यांनी ती ताटाशेजारी ठेवली आणि मला समजावून सांगितलं. "ही पेटी म्हणजे ऑफिसचा दरवाजा, मास्तर. कंपनीच्या धुळ्याच्या डेपोत अशीच दुसरी बसवायची. तिथून मी इथं फोन लावला की दोन घंट्या होणार, मग ही पेटी आपण होऊन फोन घेणार. मला नाव विचारणार, परवलीचा शब्द विचारणार, आणि मग इथला पडदा तिथं दिसणार. मी धुळ्यात बसून जळगावच्या संगणकावर काम करणार!"

"आणि तुम्ही स्वतः कुठं असणार?" मी विचारलं.

"तुमच्या अक्काच्या हातचं जेवत!" ते म्हणाले आणि एवढे लाजले की त्यांना ठसका लागला.

कंपनीच्या शेठजींना ही कल्पना पटली, पण त्यांनी मुदत घातली. बियाण्यांचा हंगाम तोंडावर होता. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, लाइन बिनचूक लागली तर साडूभाऊंनी खुशाल धुळ्याच्या डेपोत बसावं. नाही लागली तर हंगामात शनिवारचं जाणंयेणंही बंद, बिऱ्हाडच जळगावला आणावं. म्हणजे अक्कानं शाळा सोडायची. साडूभाऊंनी हे तिला सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. अक्का "बरं" म्हणाली की प्रकरण गंभीर असतं, हे आमच्या सासुरवाडीत सगळ्यांना माहीत आहे.

चाचणीची वेळ ठरली सकाळची, ऑफिस उघडायच्या आधीची, म्हणजे फोन मोकळा. पहिल्या दिवशी साडूभाऊ जळगावात पेटीसमोर बसले आणि धुळ्याच्या डेपोतून अक्कानं, शाळेत जाण्याआधी, त्यांनी शिकवलं होतं तसं बटण दाबलं. दोन घंट्या झाल्या, पेटीनं फोन घेतला आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंचाळली. आमच्या हिच्या हातून उलथनं पडलं. साडूभाऊ खिडकीत येऊन ओरडले, "लागली!" त्या आनंदात ते लगेच धुळ्याला गेले, दुसऱ्या दिवशी तिथून स्वतः फोन लावला, आणि लाइन लागली नाही.

आता त्यांचं तत्त्व कामाला लागलं. डेपोचा फोन पेटीत गुंतलेला, म्हणून ते शेजारच्या सायकलच्या दुकानात जाऊन माझ्या घरी फोन करायचे. "मास्तर, घंटा होते आणि मध्येच तुटतं. वायर बदलतो." मग जळगावला येऊन वायर बदलायची, अक्कानं तिकडून बटण दाबायचं, लाइन झकास लागायची. हे धुळ्याला जायचे, स्वतः लावायचे, तुटायची. मग पेटीचा वेग कमी केला. मग प्लग बदलला. परवलीचा शब्दही बदलला, आणि तो टाइप करताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय असल्यानं तो आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ झाला. टेलिफोन खात्याच्या लाइनमनला बोलावून खांबापर्यंतची तार बघून घेतली. त्याला घरी जेवायला बसवलं आणि जेवताना त्याची पक्कड दुरुस्त करून दिली. काही उपयोग नाही. दूर बसून काम करायची सोय करता करता त्या माणसानं आयुष्यात केला नव्हता इतका प्रवास केला.

एका रात्री जेवताना ते घास हातात धरून थांबले. म्हणाले, "मास्तर, सगळं बदलून झालं. आता एकच गोष्ट उरली. मी. मी जळगावात असलो की लाइन लागते. धुळ्यात असलो की तुटते."

"हातगुण असेल," मी गमतीनं म्हणालो. त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेला ते धुळ्यातच थांबले आणि बटण अक्काला दाबायला लावलं. तरीही लाइन तुटली. म्हणजे हाताचा दोष नव्हता, ते धुळ्यात असण्याचाच होता. अक्का सायकलच्या दुकानातून बोलली तेव्हा हसत होती. "मशीनलासुद्धा कळतंय बघ, हा माणूस घरात नको." मग तिचं हसणं थांबलं आणि तिनं फोन ठेवला. आखाजी तीन-चार दिवसांवर आली होती. तिनं मुख्याध्यापकांशी बोलायची तयारी केली होती हे मला आमच्या हिच्याकडून कळलं. मला त्या पेटीचा इतका राग आला की खिडकीतून एखादं वांगं फेकून मारावंसं वाटलं.

त्याच संध्याकाळी साडूभाऊंचा पुन्हा फोन. आवाज खोल गेलेला, पण तत्त्व शाबूत. "मास्तर, शेवटचा बदल करून बघू. मी इथं असताना तिकडं माझ्या जागी कुणीच नसतं. उद्या तुम्ही जाऊन बसा. काही करू नका, नुसतं बसा. बदल एवढाच."

शाळेला सुटी लागली होती. सकाळी मी ऑफिसात गेलो. आबांनी कुलूप उघडलं होतं. आबा म्हणजे शेठजींच्या वडिलांच्या काळापासून ऑफिस उघडणारे, झाडणारे, उदबत्ती लावणारे म्हातारे गृहस्थ, एरंडोलकडच्या खेड्यातले, अहिराणीत बोलणारे. मी साडूभाऊंच्या खुर्चीत बसलो नाही, कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. आबांचं झाडणं चालू होतं. फोनची पहिली घंटा वाजली आणि त्या वयाच्या माणसाला शोभणार नाही अशा वेगानं आबांनी झाडू टाकला, फोन गाठला, रिसीव्हर उचलला आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "हां, बोला भाऊ! कोन बोलस?"

मी उभाच राहिलो. आबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बोला ना भाऊ. घाबरू नका. काय अडचन शे?" पुन्हा ऐकलं. मग सुस्कारा टाकून रिसीव्हर ठेवला आणि मला म्हणाले, "मास्तर, कोन शे काय माहीत. घडीघडी सकायले फोन करस आनि बोलतच नही. दुखी मानूस दिखस. मी कोनले सांगं नही, आपला मनमा ठेवं."

"आबा, पण साडूभाऊंनी सांगितलं होतं ना, मशीनला हात लावायचा नाही म्हणून?"

आबांना हे लागलं. "मी मशीनले कव्हयच हात लाया नही! फोन उचला. फोन काय मशीन शे का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडूभाऊ जळगावात असले की फोनसमोर स्वतः ठाण मांडून बसायचे, आबा अदबीनं दूर थांबायचे, दोन घंट्या व्हायच्या आणि पेटी आपलं काम करायची. ते धुळ्याला गेले की ऑफिसात एकटे आबा, आणि पहिल्या घंटेला फोन न उचलणं आबांच्या रक्तात नाही. पेटीला दुसरी घंटा कधी ऐकूच येत नव्हती. धुळ्याची पेटी बिचारी इकडच्या पेटीची वाट बघायची आणि आबा तिची समजूत घालायचे.

मी आबांना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला की नाही कळलं नाही, पण ते बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. साडूभाऊ एकदा तुटल्यावर पुन्हा लावणार हे मला पक्कं ठाऊक होतं. फोन वाजला. आबा उठू लागले. मी त्यांचा हात धरला. "आबा, थांबा."

"आहो, पन कोनी बोलाई ऱ्हायनं ना!" आबा अगदी कळवळून म्हणाले. "त्याले काय वाटी?"

दुसरी घंटा झाली. पेटीनं फोन घेतला, किंचाळली, घशात काही अडकल्यासारखी खरखरली आणि शांत झाली. दिव्यांची ओळ थरथरू लागली. मग समोरच्या पडद्यावर, टेबलापाशी कुणीही नसताना, एकेक अक्षर उमटू लागलं. आधी नाव. मग परवलीच्या शब्दाच्या जागी चांदण्या. मग बियाण्यांच्या जाती एकाखाली एक. आबा पडद्याजवळ गेले, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मानूस दिखत नही, पन हात चाली ऱ्हायना." मग त्यांनी पडद्याला नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, मीही केला.

घरी आलो तर आमचा फोन वाजतच होता. सायकलच्या दुकानातून अक्का. "अरे, लागली! पण हे उठतच नाहीत. उठलो तर तुटेल म्हणतात. रडतायत आणि टाइप करतायत." असं म्हणून ती स्वतःच रडायला लागली, आणि दुकानदार तिला पाणी देत असल्याचं मला ऐकू आलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी साडूभाऊ आपली ट्रंक न्यायला आले. आधी ऑफिसात जाऊन आबांच्या पाया पडले. आबांनी त्यांना छातीशी धरलं आणि विचारलं, "भाऊ, तो मुका तूच का रे?" सासुरवाडीच्या साक्षीनं सांगतो, इतका हसलेला साडू मी पुन्हा पाहिला नाही. रिक्षा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ते हात हलवत होते.

मग दिवस सुरू झाले ते बिनबिघाडाचे. रोज सकाळी, मी दाढी करत असताना, खिडकीपलीकडून ती किंकाळी यायची आणि आमची ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले भाऊजी." एवढीच त्यांची भेट. लाइन नीट चालली की माणसाला यायचं कारण उरत नाही, हे आम्हा दोघांच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. सणावाराला ते यायचे, नाही असं नाही, पण पाहुण्यासारखे, परतीच्या बसची वेळ बघत.

श्रावणातली एक सकाळ मला आठवते. माझी दाढी झाली, अंघोळ झाली, तरी किंकाळी आली नाही. आमची ही खिडकीशी जाऊन आली. मग पुन्हा जाऊन आली. "तुटली वाटतं लाइन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की जणू माहेरचं कुणी येणार आहे. मीही बाजाराची पिशवी घेतली. तिनं भाकरीसाठी कळण्याचं पीठ परातीत जास्तीचं घेतलं, दुपारच्या बसनं आले तर जेवायच्या वेळेला पोचतील असा हिशेब मांडला, आणि पिठात पाणी घालणार तेवढ्यात पलीकडे पेटी किंचाळली.

ती तांब्या हातात धरून थांबली. "लागली वाटतं," ती म्हणाली.

"लागली," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि परातीतलं ओंजळभर पीठ परत डब्यात टाकलं.