बुरुल्चाचा खडू

नारीन शहराच्या वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात बुरुल्चाएजेच्या, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या बहिणीच्या, दारावरून उपाशी गेलेला माणूस अजून कोणाला भेटलेला नाही. कोणी घोड्यावरून घाईत निघाला असेल, तर ती त्याच्या खिशात बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, मूठ कोंबते. अशी बाई एका वर्षी कंजूष झाली.

तिचा नवरा कालबेक उन्हाळी कुरणाकडे जाताना खिंडीत छातीत कळ येऊन घोड्यावरच गेला. त्याचा भाऊही तसाच. म्हणून डॉक्टर आयनुरा हृदयविकार टाळणाऱ्या नव्या औषधाची चाचणी घेऊन गावात आली, तेव्हा पहिली सही बुरुल्चाची झाली. दुसरी कोणी करेना. डॉक्टरनं शाळेत समजावून सांगितलं: निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, कोणाला काय मिळालं ते तिलाही कळणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा प्याला आणि घरी गेले. डॉक्टरलाच ठाऊक नाही, ही गोष्ट कोणाला फारशी भरवशाची वाटली नाही.

हिवाळ्याआधी पुरेशी माणसं मिळाली नाहीत तर चाचणी दुसऱ्या खोऱ्यात जाणार होती. बुरुल्चाला ती इथंच हवी होती. "आमची माणसं इथं मरतात, तर औषधही इथंच तपासा," असं म्हणत ती घरोघर फिरली. प्रत्येक घरी चहा मिळाला.

मग एक दिवस तिच्या सुनेची आई, झुमागुल, भेटीला आली. बुरुल्चानं डबीतून गोळी काढली आणि तिच्यादेखत एकटीनंच गिळली.

"विहीणबाई, एकट्याच खाता?"

"औषध आहे हो."

"मग माझी छाती काय दगडाची? गोठ्यापर्यंत गेले तरी धाप लागते."

"ही माझ्या नावाची. दुसऱ्याला दिली तर चाचणी नासते. आणि कोण जाणे, नुसता खडूही असेल."

"खडू कोणी इतका जपतं होय?"

झुमागुल घरी पोचायच्या आत गावभर झालं की बुरुल्चा काहीतरी एकटी खाते. ती बाई हात आखडते म्हणजे वस्तू नक्कीच भारी असणार. झुमागुल तपासून घेऊन सही करून आली. तिच्यामागून तिच्या जावा, मग जावांचे नवरे. डॉक्टर प्रत्येकाला खडूची शक्यता बजावून सांगे. बाजारात दुकानदाराच्या बोलण्यावर विश्वास न ठेवता डोलवावी, तशी ते मान डोलवत. हिमवर्षावाआधी जागा भरल्या आणि उशिरा आलेल्यांना परत पाठवावं लागलं. ते अजून रागावलेले आहेत.

काही वर्षांनी डॉक्टरनं त्याच शाळेत निकाल सांगितला. औषध घेणाऱ्यांना झटके बरेच कमी आले होते. मग ज्याला त्याला त्याची गोळी कोणती होती ते कळलं. झुमागुलला औषध होतं. बुरुल्चाला खडू.

"म्हणजे विहीणबाई," झुमागुल हळूच म्हणाली, "तुम्ही खरंच काही लपवत नव्हता."

बुरुल्चानं उठून डोक्यावरचा रुमाल नीट केला. "डॉक्टर, माझा खडू नसता, तर यांचं औषध चांगलं कशावरून ठरलं असतं?"

"ठरलंच नसतं, एजे."

"ऐकलंत, विहीणबाई? माझ्या जिवावर उड्या मारताय."

आता तिलाही खरी गोळी मिळते. यंदा दोघी विहिणी घोड्यांवरून कुरणाकडे निघाल्या. कालबेक गेला त्या खिंडीत उतरून त्यांनी घोडे चरायला सोडले. बुरुल्चानं डबी उघडली.

"घेता का एक?"

"ठेवा तुमची," झुमागुल म्हणाली. "माझी माझ्याकडे आहे."