ओल्या बाकाचे कारण

मुलुंडच्या शाळेत मी चौथीला शिकवत असताना वर्गात एक मुलगी होती. तिचा बाक रोज ओला होई. तिच्या शेजारी कोणी बसत नसे. तिची आई बाजारात मासळी विके. एकदा ती मला म्हणाली, "बाई, परीक्षा झाली की काढते हिला शाळेतून. किती शोभा करून घेऊ? मारलं, चटका दिला, तरी तेच. आळशी आहे नुसती."

मी पंधरा दिवस मागून घेतले. निरीक्षणाआधी निष्कर्ष काढू नये, असे मी मुलांना शिकवत होते. ते आता मलाच पाळायचे होते. दर तासाला मी तिला लघवीला पाठवी आणि वेळ वहीत लिही. ती नीट जाऊन येई. तरी अर्ध्या तासात स्कर्ट पुन्हा ओलसर. हा आळस नव्हता.

मी मायलेकींना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ती वही दोनदा वाचली आणि घाटकोपरला सोनोग्राफी करायला सांगितली. उपनगरात ते यंत्र तेव्हा नवीनच आले होते. मूत्राशय भरलेले हवे, म्हणून तासभर आधी चार पेले पाणी प्यायचे होते. मुलगी पेल्याला हात लावीना. शाळेच्या दिवशी ती सकाळपासून थेंबही घेत नसे, हे मला तेथे कळले.

"इथं ओलं झालं तर?"

"पुसू. पी तू."

"तुम्ही पण प्या ना, बाई."

मी पेला उचलला. "बाईंना काय पाजतेस गं!" आई खेकसली, आणि दुसरा पेला तिने स्वतःच तोंडाला लावला.

करड्या पडद्यावर डॉक्टरांनी बोट ठेवले. डाव्या मूत्रपिंडातून एकाऐवजी दोन नळ्या निघाल्या होत्या. दुसरी फुगलेली होती आणि मूत्राशयामागून खाली गेली होती.

"ही खाली भलत्याच जागी उघडत असणार. तिथून गळतं ते हिला अडवता येणारच नाही. एक एक्स-रे काढून खात्री करू, मग शस्त्रक्रिया."

"म्हणजे ही मुद्दाम नाही करत?" आईने विचारले.

"नाही."

"मी सांगत होते ना," मुलगी म्हणाली. "आता जाऊ? जोराची लागलीय."

ती धावत गेली. आईने पदराने तोंड पुसले.

"डॉक्टर, ऑपरेशन जूनच्या आत करा. हिची पाचवी सुरू होईल."