शपथेच्या कागदावर कुंकू

ईमेल आला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. वाचला, आणि सुरी हातात तशीच धरून घरभर नाचले. कॅनडाच्या नागरिकत्वाच्या शपथविधीचं बोलावणं होतं, मला आणि मुलीला. तारीख अगदी तोंडावर आलेली. आम्ही दोघी सुट्टीत दोह्याला, नवऱ्याच्या अल गराफातल्या घरी आलो होतो. म्हणजे आता तिकिटं बदला, बॅगा भरा आणि मुख्य म्हणजे कागद गोळा करा. अकरावीतली लेक म्हणाली, "रिलॅक्स, आई." मी कसली रिलॅक्स होते!

कारण या शपथेवर आमचं सगळं अडलं होतं. कॅनडाला गेलो होतो आम्ही तिघंही, पण नवऱ्याला तिथे मनासारखं काम मिळेना, म्हणून तो इथे दोह्याजवळ मेसईदच्या कारखान्यात परत रुजू झाला. तिकडचा मुक्काम कमी पडला आणि त्याचं तिथल्या कायम रहिवासाचं कार्ड बाद झालं. तेव्हापासून आमचा संसार व्हिडिओ कॉलवर चाललेला. "तुमची शपथ होऊ दे, मग तू मला बोलावून घे, मी राजीनामा देतो आणि येतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणूस भारी सावध. गाडीतलं पेट्रोल अर्ध्यावर आलं तरी ह्याचा जीव वरखाली होतो. शपथ झाल्याशिवाय तो पाऊल उचलणार नाही, हे मी ओळखून होते.

महत्त्वाचे मूळ कागद त्याच्याकडेच असायचे. तिकडे आम्ही तळघरात भाड्याने राहतो, तिथे ओल फार. त्यातला एक कागद शपथेला मूळच दाखवावा लागतो; पहिल्यांदा तिकडे उतरलो तेव्हा विमानतळावर शिक्का मारून मिळालेला, फोटो असलेला. नवऱ्याने कपाटातून फाइल काढली, ऐटीत उघडली, आणि मी ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली.

फोटोतल्या माझ्या कपाळावर, अगदी मधोमध, कुंकवाचं बोट उमटलं होतं. कडेला हळदही होती.

दसऱ्याला हा इथे एकटा असतो. लॅपटॉप, मल्टिमीटर आणि गाडीची किल्ली पाटावर मांडून पूजा करतो, हे मला ठाऊक होतं. गेल्या दसऱ्याला आमचे कागदही मांडले होते म्हणे. "आपलं सगळं त्यावरच आहे ना," तो खालमानेने म्हणाला. कारखान्यात नाजूक यंत्रं जुळवणारा हात, तो कपाळ कसा चुकवणार? मला हसू येत होतं आणि त्याला बदडून काढावंसंही वाटत होतं. तो ओला कापूस घेऊन आला तेव्हा मात्र मी ओरडलेच. सरकारी कागद पुसायचा म्हणजे खाडाखोडीचा आळ अंगावर घ्यायचा.

मग मी कागदाचा फोटो काढला आणि कॅनडातल्या नागरिकत्वाच्या कार्यालयाला खरं तेच लिहून पाठवलं. घरच्या पूजेत रंग लागलाय, चालेल का? पाठवलं नेमकं सुट्टीच्या तोंडावर. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, तिथे शनिवार-रविवार. रविवारी नवरा कामावर गेला तेव्हा तिकडचे लोक अजून सुट्टीच घेत होते. मी दर थोड्या वेळाने फोन बघायचे आणि लेक मला हसायची. ही तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल कोण जाणे, आणि त्याचं येणंही तितकंच लांबणार.

सोमवारी संध्याकाळी उत्तर आलं. चेहरा ओळखू येतो, सहीही नीट दिसते, कागद आहे तसाच आणा. मी पुन्हा नाचले. या वेळी लेकही नाचली.

जेवण झाल्यावर आम्ही शपथेची तालीम केली. नवरा शपथ देणारा न्यायाधीश झाला. तो एकेक ओळ म्हणायचा आणि आम्ही उजवा हात वर करून मागून म्हणायचो. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीला बघते तर त्याचाही हात वर गेलेला. माझं लक्ष गेलंय हे कळताच त्याने तो चटकन खाली घेतला.  तुला इथे ठेवून जायचं आता जिवावर येतंय, म्हटलं.

"मी राजीनामा दिलाय," तो म्हणाला.

मला खरंच वाटेना. अजून शपथ व्हायची होती, कागदाचं उत्तर तर आत्ता कुठे आलं होतं. मी विचारलं, "कधी दिलास?"

"आज सकाळी."