वाटीएवढा पिस्टन

बहिणीच्या गॅरेजात ट्रकच्या जुन्या पिस्टनमध्ये तांदूळ भरून उदबत्त्या खोचल्या होत्या. शेजारी तिने माझ्या स्कूटरचा पिस्टन काढून ठेवला. आमटीच्या वाटीएवढा!

"ट्रकचंच पिल्लू की गं!" मी म्हटलं.

"पिल्लू कसलं, दादा? ट्रकचं इंजिन सावकाश फिरतं. हे एवढंसं, म्हणून याला कितीतरी जोरात फिरावं लागतं. बघ, पिस्टन कसा ओरखडलाय."

मी हबकलोच. या स्कूटरवर आम्ही घरचे तिघं, शिवाय पायाशी गॅसचं सिलिंडर! लहान म्हणजे त्याला कष्टही लहान, असंच मी धरून चाललो होतो.

मागे माझी आठ वर्षांची लेक पाठीवरच्या दप्तरासकट भिंतीला टेकून, उभ्या उभ्या पेंगत होती. "तुला गं काय झालं दमायला?" हे नेहमीचं वाक्य ओठांवर आलं, पण मी तिचं दप्तर उतरवून माझ्या खांद्याला अडकवलं.