अकराव्या इंजिनाचं बारसं

संजीव बर्व्यांच्या परदेशातल्या, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये बॉम्बपासून वाचण्यासाठी पोलादी दाराची एक खोली आहे. उद्या युद्ध झालंच, तर तिच्यात दहा खेळण्यातली इंजिनं सुखरूप राहतील आणि बर्वे कुटुंब बाहेर.

'खेळण्यातली' म्हटलेलं संजीवला चालत नसे. 'मॉडेल' म्हणायचं. ऑफिसात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती, एकही ऐकत नव्हतं. जुनी इंजिनंही तशीच बेशिस्त. रुळात वीज सोडली की सगळी एकदम सुटायची. संजीव त्यांचं पोट उघडून मोटारीच्या आधी नखाएवढी चिप बसवायचा, तिला नंबर द्यायचा. मग ज्याचा नंबर दाबावा तेच हलणार. दोन वर्षांत दहा इंजिनं त्यानं अशी वळणावर आणली.

अकरावं, चाळीस वर्षांचं, घरात आलं तेव्हा त्याची बायको नीता पोलादी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"इथे माझ्या सूटकेसा यायच्यात. हे धूड चारचौघांसमोर एकट्यानं एक फेरी मारेल, तर खोली तुझी. नाहीतर सगळं भंगारात."

चारचौघांसमोर म्हटल्यावर संजीवला चेव चढला. इंजिनाला नंबर देणं म्हणजे नाव ठेवणंच की! त्यानं अकराव्यातही चिप बसवली आणि रविवारी चक्क बारसं काढलं. तिथल्या मराठी मंडळातली दहा माणसं आली, घुगऱ्या खाऊन झाल्या. हॉलमध्ये गोल रूळ मांडले, त्यांवर टोपडं घातलेलं नवं इंजिन. आणि बारशाला नातेवाईक नकोत? म्हणून जुनी दहाही रुळावर चढली. पाच डावीकडे, पाच उजवीकडे, सगळ्यांची तोंडं बाळाकडे.

नंबर लिहायचं बटण दाबलं की त्या क्षणी रुळावर जे जे इंजिन उभं, त्या प्रत्येकाला तोच नंबर चिकटतो. हे संजीवला पक्कं ठाऊक होतं. एरवी तो एका वेळी एकच इंजिन ठेवायचा. पण एरवी बारसं नसायचं.

आत्याचा मान शेजारच्या सविताला. तिनं इंजिनाच्या कानाच्या अंदाजानं "अकरा" म्हटलं आणि बटण दाबलं. टाळ्या! संजीवनं वेग दिला.

दहाही नातेवाईक दोन्ही बाजूंनी बाळावर धावून गेले. टोपडं उडालं. अकराही इंजिनं जागच्या जागी घरघरत एकमेकांना रेटत राहिली.

"पप्पा, एव्हरीबडी ऑल्सो इलेव्हन लाह!" लेक गार्गी तिथल्या इंग्रजीत ओरडली.

"अगदी आपल्या कार्यकारिणीची बैठक," मंडळाचे माजी सचिव मनोहरकाका गहिवरून म्हणाले.

संजीवनं घामाघूम होत एकेक इंजिन उचलून मिळेल त्याच्या मांडीवर ठेवलं. उरलं एकटं बाळ. पुन्हा वेग दिला. ते डुगडुगत निघालं आणि फेरी पुरी करून थांबलं.

"मारली! एकट्यानं मारली!" संजीव नाचला.

"मान्य," नीता म्हणाली. "खोली ह्या एकट्याची. बाकीची ज्याच्या मांडीवर, त्याच्या घरी."

संजीव मटकन खाली बसला. मनोहरकाका मात्र आपलं इंजिन थोपटत होते. "चालेल की. पण आमच्याकडे रूळ कुठायत? ह्याला फिरवायला दर रविवारी इथंच आणावं लागेल."

"साडेचारला जमेल?" सविता म्हणाली. "चहाच्या वेळेला."

बाकीच्या आठ माना डोलल्या. नीतानं त्या माना मोजल्या, वर्षाचे रविवार मोजले, आणि पोलादी दार स्वतः सताड उघडलं.

"द्या ती इकडे. सगळी!"

नऊ इंजिनं मुकाट्यानं आत गेली. मनोहरकाकांच्या मिठीतलं सोडवायला दोघं लागले.