अभ्यास संपला

संधिवाताने वाकडी झालेली मावशीची बोटं नव्या औषधाच्या चाचणीत सरळ होऊ लागली होती. कित्येक वर्षांनी तिने स्वतःची वेणी स्वतः घातली होती. काल तिला तपासणीला घेऊन गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "अभ्यास संपला, आजी. आता हे औषध मिळणार नाही."

"पण मला गुण आलाय ना?"

"हो, तेच तर आम्हाला बघायचं होतं."

मावशी "बरं" म्हणून उठली. माझ्या अंगाची लाही झाली. औषध लागू पडतं का, यावर हे डॉक्टर परिषदांमध्ये तावातावाने वाद घालतात. ज्याला लागू पडलं त्याचं पुढे काय, हे कुणी विचारत नाही.

बाहेर चप्पल घालताना मावशी म्हणाली, "त्यांच्या अहवालात माझं नाव तरी येईल ना रे?"

"नाही मावशी. तिथे तू फक्त एक नंबर आहेस."